भिंगुळी

"कोणत्या टीमच्या तुम्ही?" कानाला यंत्र लावलेल्या एका मुलीनं मला स्टुडिओच्या दारातच अडवलं. तिच्या एका हातात पिवळे रुमाल होते, दुसऱ्यात निळे. पिवळेवाल्यांनी डावीकडे बसायचं, निळेवाल्यांनी उजवीकडे, आणि खूण केली की आपापला रुमाल हलवायचा, असा तिथला कायदा.

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही असं नसतं, काकू."

"नसतं कसं? निळ्यांचा कॅप्टन माझा मुलगा आहे, पिवळ्यांची कॅप्टन माझी मुलगी आहे. आता दे बघू कुठला देतेस तो."

तिनं कानातल्या यंत्राला काहीतरी विचारलं. यंत्राकडेही उत्तर नसावं. शेवटी तिनं मला दोन्ही रुमाल दिले आणि दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेत एक सुटी खुर्ची टाकून दिली. पायाखाली जाडजाड वायरी चिकटपट्टीनं जमिनीला डकवलेल्या. थंडी इतकी की दुधाची पिशवी ठेवली असती तरी नासली नसती. टीव्हीवर ज्या भिंती संगमरवरी दिसतात त्या जवळून प्लायवूडच्या निघाल्या, आणि मागून एक माणूस त्यांना खिळे ठोकत होता.

मी मुलगी म्हटलं. खरं तर ती माझ्या धाकट्या बहिणीची. आता 'खरं तर' म्हटलं की झालंच, इथंच तर आमचं घोडं पेंड खातं.

बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. तिच्या बापानं त्याआधीच दुसरीकडे संसार मांडला होता आणि त्यात हिला जागा नव्हती. आम्ही तिला घरी आणलं. माझा मुलगा तिच्याहून वर्षानं मोठा. लोक भेटायला यायचे, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि तिच्यादेखत म्हणायचे, "माय मरो पण मावशी जगो." दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्या वेळी एका बाईला मी दुकानाची पायरी दाखवली. म्हण म्हणून ठीक आहे हो. पण जिची माय खरंच मेली आहे तिच्यापुढं काय बोलावं ते कळायला नको? माझ्या नाकावर माशी बसत नाही असं म्हणतात, म्हणू देत. आमचा धंदाच नाकावरचा आहे.

चष्म्याचं दुकान आहे आमचं. पुढं दुकान, मागं घर. आमचे हे भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचे, मी गिऱ्हाइकांच्या कानामागं दांडी वाकवून चष्मा सरळ करायची. दोन्ही पोरं काउंटरच्या मागं लहानाची मोठी झाली. मला ती मावशी म्हणायची, ह्यांना काका. आम्हीच तसं ठेवलं होतं. तिच्या आईची जागा आम्हाला पुसायची नव्हती.

पोरं कशी, तर दोन टोकं. ती दिवसभर विचारणार: हे काय, ते का, हे असंच कशाला. डोक्याला नुसता भुंगा. म्हणून हे तिला भुंगाच म्हणायचे. आणि मुलगा असा की विचारलं तेवढंच सांगेल, पण सांगेल ते तंतोतंत. भूक लागली का विचारलं तर "थोडी" म्हणेल, आणि खरंच थोडंच खाईल. त्याचं नाव पडलं तंतोपंत. हे भिंगं पुसता पुसता दोघांना प्रश्न घालायचे. भुंगा आधी ओरडायची आणि मग विचार करायची, तंतोपंत आधी विचार करायचा आणि तोवर भुंग्याचं ओरडून झालेलं असायचं. पुढं दोघं वेगवेगळ्या विद्यापीठांत गेली आणि दोघंही आपापल्या प्रश्नमंजूषेच्या संघात शिरली, यात नवल ते काय.

मग ह्यांच्या छातीत कळ आली.

मी ह्यांच्याबरोबर आयसीयूत आत होते. पोरं हॉस्टेलवरून धावत आली, दोघं एकदमच दाराशी पोचली. मला नंतर कळलं ते असं: दारावरच्या सिस्टरनं विचारलं, कोण तुम्ही? तंतोपंत म्हणाला, मुलगा. आणि ही? तो म्हणाला, मावसबहीण. सिस्टर म्हणाली, फक्त घरचे आत, बाकीच्यांनी बाहेर थांबा. तो आत आला. ती बाहेर बाकावर बसली. मला वाटलं तिला यायला उशीर होतोय. ह्यांचं सगळं इतकं झटपट उरकलं की तिला आत घ्यायला कुणी बाहेर गेलंच नाही.

भांडण नाही, आदळआपट नाही. सगळं आटोपल्यावर तिनं बॅग भरली आणि हॉस्टेलवर गेली, ती पुन्हा घरी आली नाही. मी तिकडे जायची भेटायला. माझ्याशी छान बोलायची, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीसुद्धा. दर रविवारी फोन. पण फोनवर म्हणायची काय, तर "तुमच्या घरी सगळं ठीक ना?" तुमच्या घरी.

"अगं, तो गोंधळला असेल त्या वेळी," मी एकदा म्हटलं.

"नाही मावशी. तो गोंधळत नाही. चुकीचं काहीच बोलला नाही तो," ती म्हणाली. "तेच तर."

आणि आमचे तंतोपंत. त्याला म्हटलं, माफी माग. त्यानं तिला लांबलचक मेसेज केला की सिस्टरनं नातं विचारलं, मी नातं सांगितलं, नियम हॉस्पिटलचा होता. सगळं मुद्देसूद. उत्तर आलं नाही, कसं येईल? मी त्याला म्हटलं, "अरे उंटावरच्या शहाण्या, तुला कुणी स्पष्टीकरण मागितलंय?" तो आत कुढत होता, मला दिसत होतं. घरी आला की जेवताना तिच्या खुर्चीवर कधी पाहुण्याला बसू द्यायचा नाही. पण तोंड उघडलं की बाहेर पडणार ते बरोबर उत्तर. आता ओठही आपले, दातही आपले. कुणाला काय बोलणार?

असं दोन वर्षं चाललं. त्यात तिला परीक्षेनंतर लांबच्या एका गावी नोकरी लागली. महिनाअखेरीस जाणार होती. मला धडकीच भरली. हॉस्टेलवरून माणूस सुटीला घरी येऊ शकतो, पण एकदा परगावी बिऱ्हाड थाटलं की घरी येतो तो पाहुणा. आणि नेमकी त्याच आठवड्यात टीव्हीवरच्या स्पर्धेची अंतिम फेरी. दोघांची विद्यापीठं समोरासमोर. दोघांनीही मला वेगवेगळे पास पाठवले, एकानंही दुसऱ्याचं नाव काढलं नाही.

कोण जिंकतं, कोण हरतं याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. माझं एकच मागणं होतं. शूटिंग संपल्यावर या पोरीनं माझ्याबरोबर घरी यावं. हॉस्टेलवर नाही, घरी.

दिवे लागले तशी दोन्ही टीम आपापल्या टेबलांमागं येऊन बसल्या. तीन इकडे, तीन तिकडे. भुंग्यानं मला बघून हात हलवला आणि माझं लक्ष तिच्या नाकाकडे गेलं. नवा चष्मा. आमच्या दुकानातला नव्हे, परक्या दुकानाचा. काय सांगू तुम्हाला काय वाटलं ते. त्यातून तो बसवणाऱ्यानं नीट बसवलेला नव्हता, दर दोन वाक्यांनी खाली घसरत होता, आणि ती बोटानं वर ढकलत होती. असा राग आला त्या न पाहिलेल्या दुकानदाराचा. तंतोपंतानं मला बघून मान हलवली. एकदाच, आणि पुरेशी.

निवेदक म्हणजे टीव्हीवर दिसतात तेच गृहस्थ, फक्त पावडर जास्त. त्यांनी सगळ्यांची नावं वाचली, आडनावांसकट, आणि खेळ सुरू झाला.

त्या दोन टेबलांच्या मध्ये चार पावलांचं अंतर असेल. तेवढ्यात ही दोघं एकमेकांकडे बघायचं कसं टाळतात ते बघत मी बसले होते. तो निवेदकांकडे बघणार, ती छताकडे. ती घंटी दाबून उत्तर देऊन मोकळी व्हायची तेव्हा तो समोरच्या पाण्याच्या ग्लासात काहीतरी हरवल्यासारखा बघायचा. डाव्या बाजूला टाळ्या पडल्या की मी पिवळा रुमाल हलवत होते, उजव्या बाजूला पडल्या की निळा. शेजारच्या बाकावर एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, पिवळ्यांतल्या कुणाचे तरी वडील. त्यांनी दोनदा माझ्याकडे वळून बघितलं.

"आमचं दोन्हीकडे आहे," मी सांगितलं.

"मजा आहे तुमची," ते म्हणाले. "कोणीही हरलं तरी जिंकलातच."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटाकडे पाटीची फेरी आली. या फेरीत टीमशी बोलायचं नाही. दोन्ही कॅप्टननी पुढं येऊन उभं राहायचं, मध्ये पडदा, हातात एकेक पांढरी पाटी. प्रश्न ऐकायचा, लिहायचं, आणि खूण झाली की दोघांनी पाट्या एकदम वळवायच्या. तोवर दोन्ही टीम बरोबरीत होत्या. माझी दोन्ही पोरं पडद्याच्या दोन बाजूंना उभी राहिली. तो इतका उंच झालाय हे मला तेव्हा दिसलं, आणि ती इतकी बारीक झाली आहे हेही.

निवेदकांनी कार्ड वाचलं. "मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की कधीकधी डोळ्यांपुढं बारीक धागे, ठिपके तरंगताना दिसतात. नजरेनं पकडायला गेलं की ते पळतात. त्यांना काय म्हणतात?"

मी खुर्चीतून उठलेच. हा तर आमचा घरचा प्रश्न. दुकानात आठवड्याला चार माणसं हेच विचारायला येतात.

"भिंगुळी," मी टक्कलवाल्या गृहस्थांना म्हटलं. "दोघांनाही येतंय हे."

"काय म्हणालात?"

"भिंगुळी हो. डोळ्यातली भिंगुळी."

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं त्यावरून मला पहिल्यांदा शंका आली.

त्याचं असं आहे. भुंगा आमच्याकडे आली ते दिवस. दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून आकाशाकडे बघायची, कारण कुणीतरी शहाण्यानं तिला सांगितलं होतं की तुझी आई वर गेली. एक दिवस ती घाबरून आत आली. म्हणाली, काका, माझ्या डोळ्यात किडे आहेत, मी बघितलं की पळून जातात. ह्यांनी हातातलं काम ठेवलं, तिला काउंटरवर बसवलं आणि म्हणाले, "किडे नाहीत ग ते. ती भिंगुळी. प्रत्येकाच्या डोळ्यात असतात, ज्याचं त्यालाच दिसतं. पाठीमागं लागलं तर पळतात, गप्प बसलं की आपणहून येतात." मग दोघं पायरीवर जाऊन आपापली भिंगुळी बघत बसली. तंतोपंतही गेला. तो म्हणाला, मला तीन दिसतात. त्या दिवसापासून आमच्या घरात तोच शब्द. घरातून दुकानात आला, दुकानातून गिऱ्हाइकांच्या तोंडी गेला. समोरच्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा पेशंटला सांगतात, भिंगुळी आहेत, घाबरायचं कारण नाही. शब्द ह्यांनी त्या क्षणी भिंगावरून रचला होता हे मी पार विसरून गेले होते. मला वाटायचं, सगळं जग हेच म्हणतं.

"पाट्या दाखवा," निवेदक म्हणाले.

दोन्ही पाट्या वळल्या. एकीवर लिहिलं होतं 'भिंगुळी'. दुसरीवर 'भिंगुळ्या'.

निवेदकांनी एक पाटी वाचली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मागं कॅमेऱ्यापाशी कुणीतरी फिसकन हसलं. "बरोबर उत्तर आहे फ्लोटर्स," निवेदक म्हणाले. "दोघांनाही गुण नाहीत."

"फ्लोटर्स म्हणतात," टक्कलवाले गृहस्थ मला समजावून सांगायला लागले.

"असेल," मी म्हटलं. "कुणी केलं हे बारसं? आम्हाला कुणी विचारलं नाही."

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मध्ये पडदा होता, त्यामुळं दोघांनाही दुसऱ्यानं काय लिहिलं ते दिसत नव्हतं. काय झालंय ते त्यांना निवेदकांच्या चेहऱ्यावरून कळेना. पडदा वर गेला. तिनं त्याची पाटी बघितली. त्यानं तिची. दोन वर्षांत पहिल्यांदा ती दोघं एकमेकांकडे बघत होती, आणि ते सुद्धा छातीशी पाट्या धरून.

कानात यंत्र घातलेली मुलगी लगबगीनं आली आणि निवेदकांच्या कानाशी लागली. तिचंही बरोबर होतं. दोन कॅप्टन, मध्ये पडदा, आणि दोघांचं एकच विचित्र उत्तर, जे कुठल्या पुस्तकात नाही. कुणालाही वाटेल काहीतरी साटंलोटं आहे.

निवेदक हसले, पण आवाजात जरा धार आली होती. "मला एक विचारायचंय," ते तंतोपंताला म्हणाले. "तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता?"

"हो," तो म्हणाला. विचारलं तेवढंच.

"कसे काय?"

"बहीण आहे माझी."

निवेदकांनी हातातलं कार्ड बघितलं. "आडनावं तर वेगळी दिसतायत. म्हणजे चुलतबहीण, मावसबहीण..." आणि त्यांनी माइक त्याच्यापुढं धरला.

तोच प्रश्न. दार तेवढं नव्हतं, बाकी सगळं तेच: अनोळखी माणूस विचारतोय कोण ही, आणि माझा मुलगा खरं बोलायला उभा आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे एकदा तरी चूक. भुंगा जमिनीकडे बघत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तो वर करायला तिनं बोट उचललं नाही.

तंतोपंतानं विचार केला. तो नेहमीच करतो.

"सख्खी," तो म्हणाला.

"सख्खी? आणि आडनाव?"

"ते वेगळं आहे."

लोक हसले. त्याचे कान लालबुंद झाले होते. खोटं बोलायची सवय नाही ना पोराला. निवेदक आता मजेत आले होते, ते भुंग्याकडे वळले. "काय, बरोबर आहे का उत्तर?"

तिनं मान वर केली आणि बोटानं चष्मा वर ढकलला.

"बरोबर," ती म्हणाली.

"मग हा जो शब्द लिहिलात तुम्ही दोघांनी, तो कुठल्या शाळेत शिकवतात?"

"शाळेत नाही," ती म्हणाली. "बाबांनी केलाय तो. मी लहान होते तेव्हा. माझ्यासाठी केलाय."

बाबांनी. ह्यांना ती सगळं आयुष्य काका म्हणाली. हे असते तर ऐकून काय केलं असतं मला ठाऊक आहे. चष्मा काढला असता आणि उगीचच पुसत बसले असते. मी दोन्ही रुमाल तोंडावर धरले, पिवळाही आणि निळाही, आणि टक्कलवाल्या गृहस्थांनी न विचारता स्वतःचा तिसरा पुढं केला.

पुढं खेळ झाला, पण तो माझ्या डोळ्यांपुढून नुसताच गेला. पिवळे जिंकले. एकाच प्रश्नानं. भुंग्याच्या पोरापोरींनी तिला उचललं, ढाल आली, चमचमता कागद उडाला, तो पुन्हा एकदा उडवायला लावला कारण पहिल्यांदा कॅमेरा चालू नव्हता.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. दोन्ही टीम तिथूनच बाहेर पडणार होत्या. आधी निळे आले, पडलेल्या चेहऱ्यांनी. तंतोपंताच्या टीममधली वेणीवाली मुलगी त्याच्यावर नुसती कडाडत होती.

"मागच्या आठवड्यात सरावात मीच विचारला होता तुला हा प्रश्न. तूच सांगितलंस फ्लोटर्स. लॅटिनमधलं नावसुद्धा सांगितलंस. आणि आज पाटीवर काय लिहिलंस? त्या एका प्रश्नानं हरलो आपण."

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. सॉरी."

त्या मुलीचं काही खोटं नव्हतं. टीमच्या जिवावर असं करू नये, मी त्याची आई असले तरी म्हणेन. पण तो सॉरी किती सहज म्हणाला ते मी ऐकलं. काहीही समजावून न सांगता.

आणि ते ऐकणारी मी एकटी नव्हते. पिवळे मागोमाग येत होते. भुंगा ढाल घेऊन दारातच थबकली होती.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

याचं उत्तर काही पुस्तकातलं नव्हतं. "तू समोर होतीस," तो म्हणाला. "दिसत नव्हतीस, पण पडद्याच्या पलीकडे होतीस. मला तो दुसरा शब्द लिहिता येईना." मग म्हणाला, "त्या दिवशीही मी असंच चुकायला हवं होतं."

तिनं ढाल शेजारच्या पोराच्या हातात दिली. चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा घातला. मला वाटलं आता गळ्यात पडणार. मी रुमाल शोधायला लागले.

"रुमाल तुझ्या हातातच आहे, आई," तंतोपंत म्हणाला.

"आणि चुकायचं तर नीट तरी चूक," भुंगा म्हणाली. "भिंगुळ्या काय? भिंगुळी. ते भिंगुळं, ती भिंगुळी. केळं, केळी."

"नाही. ती भिंगुळी, त्या भिंगुळ्या. गोळी, गोळ्या."

"बाबा भिंगुळी म्हणायचे."

"एका भिंगुळीला भिंगुळी म्हणायचे. अनेकींना भिंगुळ्या."

"अनेकींना? भिंगुळं नपुंसकलिंगी आहे रे."

"कुठल्या आधारावर?"

दोन वर्षं तोंड बंद ठेवलेली ही दोघं, आणि सुरुवात केली ती जगात नसलेल्या शब्दाच्या लिंगावरून. आवाज चढले होते. ती हातवारे करत होती, तो बोटांवर मुद्दे मोजत होता. वेणीवाली मुलगी भांडण विसरून बघत राहिली. ढाल धरलेलं पोर कधी इकडे बघत होतं, कधी तिकडे. असं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही. ते संपूच नये असं वाटत होतं.

"मावशीला विचार," ती म्हणाली. "मावशी, तू सांग. काय म्हणायचे बाबा?"

दोघंही माझ्याकडे वळली. दोघांचे डोळे रडून लाल झालेले, आणि दोघांचीही खात्री की मी आपल्याच बाजूनं बोलणार. खरं सांगू? मला काही केल्या आठवेना. इतकी वर्षं तो शब्द मी तोंडात घोळवला आणि नेमका त्या क्षणी ह्यांचा आवाज आठवला, शब्द आठवेना. पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही.

"घरी चला," मी म्हटलं. "मग सांगते."

"हा डाव आहे तुझा," भुंगा म्हणाली.

"आहे. मग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पण बघत राहिले. तिच्या टीमची पोरं बाहेर गाडीपाशी पोचली होती आणि हाका मारत होती, चल, उशीर होतोय, हॉस्टेलचं गेट बंद होईल.

"तुम्ही व्हा पुढं," तिनं वळून त्यांना सांगितलं. "मी घरी जातेय."